फ्लेक्सनरपासून नव्हे, बफेलोपासून

एकांनी म्हटलंय की वैद्यकीय शिक्षणातलं संशोधन अब्राहम फ्लेक्सनर या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाच्या वैद्यकीय कॉलेजांवरच्या 1910 च्या अहवालापासून सुरू झालं. मला हे पटत नाही. फ्लेक्सनरने अमेरिका-कॅनडातली 155 कॉलेजं पाहिली खरी, पण तपासलं काय? प्रयोगशाळा, पैसा, प्रवेशाच्या अटी. विद्यार्थी शिकतो कसा, हा प्रश्न त्याने अभ्यासाला घेतलाच नाही.

तो घेतला 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या बफेलो शहरातल्या विद्यापीठात जॉर्ज मिलरने. स्वतः डॉक्टर, पण शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापकांसोबत बसून शिकवणं तपासायला लागला. (आपल्याकडे कोणता सर्जन बी.एड.वाल्याचं ऐकून घेईल?) पुढे 1959 मध्ये शिकागोला इलिनॉय विद्यापीठात यासाठी स्वतंत्र विभागच निघाला.

आमच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामचं कॉलेज 1969 चं. तिथली पहिल्या वर्षाची पोरं खेड्यात शिबिराला येतात. म्हातारीच्या चोळीची घट्ट बाही वर सरकत नाही, बीपीचा पट्टा बांधायचा कुठं, अन् ओसरीवर शेजारणी हसून राहिल्या! यातलं दहा वर्षांनी त्या डॉक्टरात काय उरतं, हे मोजून पाहणं म्हणजेच मिलरच्या वळणाचं संशोधन. फ्लेक्सनरच्या वहीत त्याला रकाना नव्हता.