पद्मिनीला पॉवर स्टिअरिंग बसवलं, आता स्टिअरिंग सरळच होत नाही. मदत हवी आहे

बोनेटउघडा
मंडळी, तातडीचं आहे. पद्मिनीला पॉवर स्टिअरिंग बसवून घेतलं. पार्किंगला एका बोटाने फिरतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपणहून परत येत नाही, हाताने ओढून सरळ करावं लागतं. साठच्या पुढे गाडी रस्ताभर भरकटते. आणि मधूनच एकदम जड होतं, मग परत हलकं. अलाइनमेंट करून झालं, टायर नवे आहेत. बसवणारा म्हणतो, "चालवा, चालवून चालवून सेट होईल." पुढच्या शनिवारी आईला घेऊन वरंधा घाटाने महाडला जायचंय. काय बदलायचं तेवढं नेमकं सांगा. व्हिडिओच्या लिंका नकोत, बघायला वेळ नाही.

ग्रीसगन
किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्या उभ्या खिळीवर वळतं ती. बाकी काही बघू नका. या गाडीला बॉल जॉइंट नाहीत, किंगपिन आहेत, आणि त्यांना ग्रीस लागतं. निपल चोंदलेले असतात, वरून ग्रीस बाहेर आलेलं दिसतं आणि आत बुश कोरडा ठणठणीत. निपल काढा, साफ करा, चाक उचलून ग्रीस मारा.

वायरमन
थांबा. पॉवर स्टिअरिंग म्हणजे कुठलं? ऑइल पंपवालं की इलेक्ट्रिक? गाडी कुठल्या सालची? डायनॅमो आहे की अल्टरनेटर? गिअर हँडलवर की खाली? हे न सांगता "नेमकं सांगा" कसं सांगणार?

बोनेटउघडा
इलेक्ट्रिकच हो, जुन्या गाडीत आता दुसरं कोण बसवतं. एका छोट्या हॅचबॅकचा जुना स्टिअरिंग कॉलम, मोटर आणि कंट्रोलरचा डबा. गाडी ७८ची. डायनॅमोच आहे, पण त्याचा स्टिअरिंगशी काय संबंध?

वायरमन
संबंधच संबंध! गाडी जागेवर उभी ठेवून स्टिअरिंग वळवलंत की ती मोटर तीस-चाळीस अँपिअर सहज ओढते. डायनॅमो आयडलिंगला जवळपास काहीच देत नाही, सगळा भार बॅटरीवर. व्होल्टेज पडलं की कंट्रोलर स्वतःहून मदत बंद करतो आणि स्टिअरिंग जड. व्होल्टेज सावरलं की पुन्हा हलकं. मधूनच जड होण्याचं कारण बहुतेक हेच. हेडलाइट लावल्यावर जास्त होतं का बघा. अल्टरनेटर बसवा, मोटरची वायर बॅटरीवरून थेट जाड घ्या, वेगळा फ्यूज टाका आणि अर्थिंग बॉडीला नुसतं रंगावर आवळलेलं नाही ना ते तपासा.

ग्रीसगन
स्टिअरिंग परत येत नाही हा प्रश्न आहे, दिवाळीची रोषणाई नाही. किंगपिन.

वायरमन
त्यांनी तीन तक्रारी लिहिल्यात. तुम्ही पहिली वाचून थांबलात.

मूळरूप
नसत्या उठाठेवी कशाला करता, कळत नाही. सव्वाआठशे-नऊशे किलोची गाडी, अरुंद टायर, मोठं स्टिअरिंग. चालत्या गाडीत ते जड नव्हतंच कधी. रुंद रेडियल टायर घातले म्हणून जड झालं, आणि जड झालं म्हणून मोटर. मूळ मापाचे टायर घाला, मूळ कॉलम परत बसवा, प्रश्न संपला. हँडलवरचा गिअर काढलात? अरेरे.

बोनेटउघडा
हो, गिअर खाली घेतला, मोटर आड येत होती. टायर रेडियल आहेत, थोडे रुंद. मूळ कॉलम कापलाय, तो परत बसणार नाही. आईच्या खांद्याचं ऑपरेशन झालंय आणि तिला ही गाडी स्वतः चालवायची असते, म्हणून हा खटाटोप. आता पुढचं बोला.

दांडेकर_नव्हे
"मूळ कॉलम कापलाय." हे वाक्य पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. जुन्या स्टिअरिंग बॉक्सचा दांडा सरळ वर स्टिअरिंगपर्यंत येतो. तो कापून नव्या कॉलमला कसा जोडलाय? वेल्डिंग करून? दात्यांच्या कपलिंगने? मध्ये क्रॉस, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट, किती आहेत, एक की दोन? फोटो टाका. आणि वेल्डिंग असेल तर फोटो टाकेपर्यंत गाडी हलवू नका. स्टिअरिंगचा दांडा तुटला तर हातात फक्त चक्र उरतं.

नियमावली
तांत्रिक भाग जाणकार सांगतीलच. पण मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ वाचलंत का? उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९च्या जानेवारीत यावर कडक भूमिका घेतलेली आहे. शिवाय २०२१च्या व्हिंटेज नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची आणि मूळ स्वरूपातली गाडी असेल तर 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,०००, मुदत दहा वर्षं.

मूळरूप
हेच तर मी म्हणतोय.

वायरमन
गाडी ७८ची आहे, पन्नास भरायला अजून अवकाश आहे. आणि व्हिंटेज नोंदणी केली तर रोजच्या वापराला गाडी बाहेर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच. त्या माउलीने चालवायची कधी?

सह्यकडा
वरंध्याने जाणार असाल तर आधी घाट चालू आहे का ते विचारून घ्या. पावसाळ्यात दरडींमुळे बंद ठेवतात. ताम्हिणीने माणगाव गाठून खाली महाडला उतरणं बरं. भरपूर धबधबे आहेत.

बोनेटउघडा
रस्ता विचारलेला नाही. फोटो टाकलाय. दोन क्रॉस आहेत, मधला तुकडा वेल्ड केलेला. गॅरेजवाला म्हणतो वेल्डिंग पक्कं आहे, ट्रकलाही असंच करतो.

काळीपिवळी
ट्रकला कोण करतं असं, त्याचं नाव विचारून ठेवा, म्हणजे त्या ट्रकच्या मागे राहू नये.
आमच्या वडिलांची पद्मिनी टॅक्सी होती. स्टिअरिंगला मोकळीक आली की नवशिके मेकॅनिक बॉक्सवरचा स्क्रू आवळायचे. मोकळीक जायची आणि स्टिअरिंग मधोमध धरून बसायचं. वर्म-रोलरचा बॉक्स मधल्या जागेला मुळातच घट्ट आणि टोकांना सैल असतो, कारण झीज मध्ये होते. स्क्रू आवळायचा तो ड्रॉप आर्मची (बॉक्समधून निघून चाकं वळवणाऱ्या दांड्याची) लिंक सोडवून, चाकं सरळ असताना, अगदी थोडा. तुमच्याकडे कोणी तो आवळलाय का?

बोनेटउघडा
"सगळी मोकळीक काढून टाकलीय साहेब," असं तो अभिमानाने म्हणाला होता खरं.

ग्रीसगन
तरी किंगपिन बघाच.

काळीपिवळी
बघतील हो ते. तुमचंही बरोबरच आहे, पण एकटंच बरोबर नाही.

दांडेकर_नव्हे
फोटो पाहिला. दोन्ही क्रॉसचे काटे एकमेकांना आडवे बसवलेत, म्हणजे जवळपास काटकोनात. एका कोनात फिरणारा क्रॉस एका फेरीत दोनदा भराभर आणि दोनदा हळू फिरतो. दुसरा क्रॉस तेवढ्याच कोनात असेल आणि मधल्या तुकड्याच्या दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत असतील तर ही चढउतार एकमेकांत विरून जाते. तुमच्याकडे विरण्याऐवजी दुप्पट होते. त्यात वरचा कोनही जास्त दिसतोय. असा दांडा दर फेरीत दोन जागी अडकतो.
आता इलेक्ट्रिकमध्ये याचा पुढचा त्रास बघा. कॉलममध्ये एक बारीक टॉर्शन बार असतो. तुम्ही किती जोर लावताय ते सेन्सर त्याच्या पिळावरून ओळखतो. तुम्ही हात सोडला की पीळ जातो आणि मोटर मदत थांबवते. पण मोटर आणि तिचा गिअर दांड्याला जोडलेलेच राहतात. चाकं परत यायला बघतात तेव्हा अडकणाऱ्या दांड्याबरोबर त्यांना हेही उलटं फिरवावं लागतं.
हे घरी तपासता येतं. पुढची दोन्ही चाकं उचलून स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नको. मोटरचा फ्यूज काढा. ड्रॉप आर्मची लिंक पुलरने सोडवा, हातोड्याने नाही. मग चाकं हाताने इकडून तिकडे ढकलून बघा. ती जड असतील तर ग्रीसगन जिंकले. नंतर वरून स्टिअरिंग हळू फिरवा, टोकाला आपटू नका. फक्त मधोमध घट्ट लागलं तर बॉक्सचा स्क्रू. दर फेरीत दोनदा घट्ट लागलं तर क्रॉस.

वायरमन
यात एक भर. त्या कंट्रोलरला गाडीच्या वेगाचा सिग्नल लागतो. मूळ गाडीत वेग वाढला की तो मदत कमी करतो. पद्मिनीचा स्पीडोमीटर केबलवर चालतो, सिग्नल कुठून येणार? तुमच्या डब्याला नॉब आहे का? साठच्या पुढे भरकटतं त्यात याचा हात असणारच, कारण पार्किंगची मदत तुम्ही हायवेवर वापरताय.

बोनेटउघडा
डॅशबोर्डखाली नॉब आहे. तो पूर्ण उजवीकडे असतो. पंखा वाढवायचा असेल असं वाटून मी हात लावला नव्हता.

मूळरूप
पद्मिनीत पंखा?

कॅस्टरभक्त
कोणी कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कललेला कोन, का बोलत नाहीये? पॉवर नसलेल्या जुन्या गाड्यांना कॅस्टर कमी ठेवायचे, कारण तो वाढवला की स्टिअरिंग जड होतं. पण चाक सरळ आणणारा तोच. आता मोटर आहे, तर जड होण्याची भीती कशाला? जेवढं ऍडजस्टमेंट मिळेल तेवढा वाढवून घ्या, दोन्ही बाजूंना सारखा. अलाइनमेंटवाल्याने फक्त टो-इन, म्हणजे चाकांची तोंडं किंचित आत, एवढंच केलं असणार. कागद मागा, त्यावर कॅस्टरचा आकडा आहे का बघा.

दांडेकर_नव्हे
मुद्दा बरोबर, पण शेवटी. अडकणाऱ्या दांड्यावर कॅस्टर वाढवून आजार झाकायचा नाही.

कॅस्टरभक्त
झाकायचं कोण म्हणालं?

बोनेटउघडा
आज भावाला बोलावून केलं. चाकं हाताने फिरतात, डावं किंचित जड. वरून स्टिअरिंग एका फेरीत दोन जागी स्पष्ट अडतं, शिवाय मधोमध एक वेगळा घट्टपणा आहे. नॉब अर्ध्यावर आणून गल्लीतून एक चक्कर मारली, भरकटणं कमी वाटलं. कागदावर कॅस्टर नाही, फक्त टो. हेडलाइट लावून जागेवर वळवलं की जड होतं, वायरमन म्हणाले तसंच. आता वेल्डिंग कापून काटे सरळ करून परत वेल्ड करू का?

दांडेकर_नव्हे
नाही. वेल्डचा तुकडा फेकून द्या. दोन्ही टोकांना दाते असलेला शाफ्ट लेथवर बनवून घ्या, नाहीतर दात्यांचे तयार क्रॉस मिळतात ते लावा, पिंच बोल्टसकट. काटे एका रेषेत. कोन जास्तच निघाला तर कॉलमचा ब्रॅकेट खाली-वर करून दोन्हीकडे सारखा वाटून घ्या. मग बॉक्सचा स्क्रू सैल करून काळीपिवळींनी सांगितलं तसा लावा.

ग्रीसगन
डावं किंचित जड, म्हणाले ना?

बोनेटउघडा
हो हो, ग्रीसही मारतो. शनिवारी एसटीने जातोय. हा गॅरेजवाला सोडून लेथचं काम नीट करणारा दुसरा गाठलाय. आई विचारतेय, नॉब तिच्या हाताशी येईल असा वर घेता येईल का?

वायरमन
येईल, वायर लांबवा. पण आधी अल्टरनेटर.