मदत हवी आहे: पावसाळ्यात ऊतींचा आयआर (अवरक्त) स्पेक्ट्रम कसा घ्यावा?

नमस्कार मंडळी. मी फोंड्याची, एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. तोंडाच्या कर्करोगाच्या ऊतींचे काप एफटीआयआरवर, म्हणजे नमुना कोणता अवरक्त प्रकाश किती शोषतो ते मोजणाऱ्या यंत्रावर, तपासते आहे. काप न रंगवता प्रथिनं, स्निग्ध पदार्थ आणि डीएनए यांच्यातले बदल टिपता येतात, म्हणून हा विषय हट्टानं घेतला.

अडचण पावसाची आहे. जूनपासून प्रयोगशाळेतली हवा इतकी दमट, की काप ठेवायची पोटॅशियम ब्रोमाइडची चकती डेसिकेटरबाहेर (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्याबाहेर) काढली की बघता बघता दुधाळ होते. स्पेक्ट्रममध्ये प्रथिनांचा अमाइड-१ हा शोषणाचा पट्टा १६५० तरंगसंख्येच्या (दर सेंटिमीटरला इतक्या लाटा) आसपास, पाण्याचा १६४० जवळ, वर बाष्पाच्या बारीक रेषा. शिखर नक्की कुणाचं, तेच कळेना! साधी काचपट्टी चालत नाही; २००० च्या खालचं जवळजवळ सगळं ती शोषून घेते.

डेसिकेटरमधलं ओलावा शोषणारं सिलिका जेल बदलून झालं. गोव्यात कुणाकडे कॅल्शियम फ्लोराइडची खिडकी (ओलाव्याने न बिघडणारी, अवरक्त प्रकाश आरपार जाऊ देणारी चकती) महिनाभर उसनी मिळेल का? मी स्वतः येऊन नेईन. शिवाय, काप घेण्यासाठी ऊती ज्यात बसवतात ते मेण काढायला झायलीन वापरावं की हेक्सेन? २८५० आणि २९२० जवळची मेणाची शिखरं काही केल्या जात नाहीत. नमुने रुग्णांनी विश्वासानं दिलेत, एकही वाया घालवायचा नाही.