मदत हवी आहे: टोल्युइन-पाण्याच्या इंटरफेसवर (दोन थरांच्या सीमेवर) वाढवलेली सोन्याची फिल्म न फाटता काचेवर कशी घ्यावी?

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी पुण्यात आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये सोन्याच्या नॅनोस्फटिकांची फिल्म वाढवते आहे. पद्धत बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्रातल्या सी. एन. आर. राव यांच्या गटाची. खाली कॉस्टिक सोड्याचं अगदी विरळ द्रावण, वर सोन्याचं ट्रायफिनाइलफॉस्फिनवालं संयुग विरघळवलेलं टोल्युइन. मग टीएचपीसी (हा रिड्यूसिंग एजंट, म्हणजे संयुगातून धातूरूप सोनं सोडवणारा) हळूच खालच्या पाण्यात सोडायचं. सोनं वरच्या थरात, रिड्यूसिंग एजंट खालच्या, त्यामुळे दोघांची गाठ पडते ती इंटरफेसवरच आणि फिल्म तिथेच धरते. व्हॅक्यूम लागत नाही, आमच्यासारख्या लॅबला हे फार मोठं आहे.

फिल्म छान येते. उजेड पडला की सोनेरी चमकते, आरपार पाहिलं तर निळसर-जांभळी. सुट्या कणांचा 520 नॅनोमीटरजवळचा प्रकाश शोषण्याचा पट्टा हिच्यात बराच तांबड्याकडे सरकलेला दिसतो, म्हणजे कण खेटून बसलेत.

अडतं ते उचलताना. स्लाइड तिरपी बुडवून वर घेतली की फिल्मच्या कडा बीकरला धरून राहतात, मधला भाग ताणला जातो. जे स्लाइडवर येतं, त्यालाही टोल्युइन उडता उडता सुरकुती पडते आणि नेमकं तिथूनच फाटतं. मला फोर-प्रोबने (चार टोकं टेकवून) फिल्मचा विद्युत रोध मोजायचा आहे. फाटक्या फिल्मवरच्या आकड्याला काय अर्थ?

स्लाइड आधीच तळाशी ठेवून, नंतर खालचं पाणी नळीने सावकाश काढून फिल्म तिच्यावर उतरवली तर जमेल का? की आधी वरचं टोल्युइन काढावं? बीकरला आतून सिलेन (काचेला पाणी चिकटू न देणारा लेप) लावून कडा सुटतात का?

दुसरं तापमानाचं. या पद्धतीत तापमान वाढलं की कणांचा आकार वाढतो. इथे एप्रिलमध्ये दुपारी लॅब भट्टीसारखी तापते, पहाटे गार. टोल्युइन पेट घेणारं, म्हणून ओव्हनला सरांची परवानगी नाही, आणि वॉटर बाथच्या मोटरने इंटरफेस थरथरतो. तापमान एकसारखं ठेवायला तुम्ही काय करता?

पाषाण किंवा गणेशखिंड भागात कुणाकडे लँगम्युअर-ब्लॉजेट ट्रफ (पाण्यावरची पातळ फिल्म स्लाइडवर उचलायचं उपकरण) असेल आणि फिल्म उचलताना प्रत्यक्ष पाहायला मिळणार असेल, तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. सवडीने सांगितलंत तरी चालेल, वेळ मी जुळवून घेईन.