स्वातंत्र्यलढ्यातली तरुण पोरं: आपण त्यांचं फक्त मरणच का सांगतो?

कृष्णाकाठ:
शाळेतल्या भाषणांत शिरीषकुमार मेहता दरवर्षी असतो. नंदुरबार, ९ सप्टेंबर १९४२, वय १५, हातात तिरंगा. त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हेही पोलिसांच्या गोळीबारात गेले, पण ही नावं किती जणांना येतात? या पोरांपुढे मान लवतेच. तरीही तरुणांनी लढ्यात काय काम केलं हे बाजूला राहतं आणि ते कसे गेले तेवढंच उरतं, हे मला खटकतं.

उषा मेहता तेव्हा २२ वर्षांच्या होत्या. ‘चले जाव’ची हाक दिली म्हणून ९ ऑगस्टला सगळे पुढारी उचलले गेले, वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी झाली, आणि तीन आठवड्यांच्या आत, २७ ऑगस्टला, मुंबईतून त्यांचा आणि साथीदारांचा गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ बोलू लागला. ठिकाणं बदलत, पोलिसांना चकवत १२ नोव्हेंबरपर्यंत तो चालला. विदर्भातल्या चिमूर-आष्टीच्या उठावासारख्या ज्या बातम्या छापायला पेपर धजावत नव्हते, त्या लोकांनी तिथे ऐकल्या.

आणि आमचा सातारा! जी. डी. बापू लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी, दोघांचाही जन्म १९२२ चा. पत्री सरकार म्हणजे इंग्रजांना बाजूला सारून चालवलेलं भूमिगत प्रतिसरकार; त्याच्या तुफान सेनेने ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची गाडी लुटली, ते सगळे सांगतात. मला त्याहून मोठं वाटतं ते पत्री सरकारचं रोजचं काम. गावातली भांडणं गावातच तोडायची, दारूचे गुत्ते बंद करायचे, बिनहुंड्याची लग्नं लावायची. डोक्यावर पकड वॉरंट घेऊन विशीतली पोरं हे करत होती. भाषणात हे कधी ऐकलंय?

खान्देशचा पोरगा:
ठाम असहमत. मी नंदुरबारकडचा. त्या दिवशी मिरवणुकीत घोषणा होती ‘नहीं नमशे, नहीं नमशे, निशाण भूमी भारतनुं’. शिरीषकुमारची घरची भाषा गुजराती, म्हणून घोषणाही गुजराती. समोर बंदुका रोखलेल्या आणि या पोरांकडे झेंड्याशिवाय काही नाही. संघटना बांधायला त्याला आयुष्य मिळालंच कुठे? मिळालं नाही म्हणून त्याचं मोल कमी धरायचं का?

दुसरं, तुमच्याच जिल्ह्याचा क्रम बघा. त्याच ९ सप्टेंबरला वडूजला मोर्च्यावर गोळीबार झाला, परशुराम घार्गे आणि त्यांचे साथी पडले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला तेच. पत्री सरकार त्यानंतरचं. आधी माणसं पडली, मग तुमचं काम उभं राहिलं.

फळा आणि खडू:
दोघांनाही एक विचारतो. पंधरा वर्षांचं मूल बंदुकीसमोर पोचेपर्यंत मोठी माणसं काय करत होती?

हा वाद जुना आहे. १९०५ साली पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली, सावरकरांना फर्ग्युसनने १० रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढलं. टिळकांच्या ‘केसरी’ने कॉलेजला ‘हे आमचे गुरूच नव्हेत’ म्हणून झोडपलं. गोखल्यांचं म्हणणं वेगळं होतं: विद्यार्थ्यांनी राजकारण समजून घ्यावं, अभ्यासावं, पण चळवळीत उडी घेऊ नये. लहानपणापासून आपण टिळकांच्या बाजूने टाळ्या वाजवल्या. मी मात्र शाळकरी वयापुरता गोखल्यांच्या बाजूचा आहे. अनंत कान्हेरेने नाशिकला कलेक्टर जॅक्सनवर गोळी झाडली तेव्हा त्याला अठरावं पूर्ण व्हायचं होतं. चार महिन्यांत ठाण्याच्या तुरुंगात फाशी. नववी-दहावीच्या वर्गात शिकवणाऱ्या माणसाला या गोष्टी नुसत्या अभिमानाने सांगता येत नाहीत, सर. घशाशी येतं.

कृष्णाकाठ:
गुरुजी, भावना पोचली. पण गोखले ते बोलले त्या काळात वडीलधारे सल्ला द्यायला बाहेर तरी होते. १९४२ च्या ऑगस्टनंतर पोरांनी कुणाला विचारायचं होतं? शिवाय सरकारने १९०७ च्या रिस्ले परिपत्रकाने विद्यार्थ्यांना राजकारणबंदी केलीच होती. वर्गात गप्प बसणं म्हणजे त्यांचा हुकूम पाळणंच होतं.

खान्देशकर, वडूजचं खरं आहे. पण त्यानंतर साताऱ्याची पोरं पुन्हा गोळ्यांसमोर जथ्याने गेली नाहीत, भूमिगत झाली. हे शहाणपणच मला पुढच्या पिढीला सांगायचंय.

गिरणगाव:
तुमची चर्चा शाळा-कॉलेजाबाहेर पडेल का? बाबू गेनू विद्यार्थी नव्हता. आंबेगाव तालुक्यातल्या म्हाळुंगे पडवळचा गिरणी कामगार, २२ वर्षांचा. १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीत विदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला आणि त्याखाली चिरडला गेला. महिन्याभरात, १२ जानेवारी १९३१ ला, सोलापूरच्या १९३० च्या मार्शल लॉ प्रकरणातल्या चौघांना येरवड्यात फाशी: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. यातले शिंदे आणि कुर्बान हुसेन विशीतले. कुर्बान तर पत्रकार. यांना कुणी मोठ्यांनी फूस लावली असं म्हणणं म्हणजे त्यांची अक्कल नाकारणं.

फळा आणि खडू:
बाविशीच्या माणसाबद्दल माझा वादच नाही. माझा प्रश्न पंधराचा आहे, आणि त्यावर इथे कुणी सरळ बोललेलं नाही.

खान्देशचा पोरगा:
मग सरळ बोलतो. जबाबदारी शोधायचीच तर गोळीचा हुकूम देणाऱ्यापासून सुरू करा. मोर्च्यात मुलं आहेत हे त्याला दिसत होतं. तुमच्या प्रश्नात आईबाप आहेत, पुढारी आहेत, मास्तर आहेत, तोच तेवढा नाही.