आजीच्या इरकलीवरची कसुती संगणकावर कशी उतरवावी?

सायली_क
माझ्या आजीची काळी इरकल आता घड्यांवर विरू लागली आहे. तिच्या पदरावर धारवाडकडची कसुती, म्हणजे धागे मोजून करायचे भरतकाम, भरलेली असून त्यात गोपुरे, तुळशीवृंदावन आणि अंबारीचा हत्ती आहे. हे नमुने साडीबरोबर नाहीसे होऊ नयेत, म्हणून त्यांचे आलेख, म्हणजे चौकटींवर काढलेले टाक्यांचे आराखडे, करून ते नव्या कापडावर भरावेत, अशी माझी मनापासून इच्छा आहे. फुलीच्या टाक्याचे आलेख बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मी फोटो घातला, तेव्हा गोपुराच्या नाजूक रेषांऐवजी रंगीत चौकटींचा नुसता ठोकळा मिळाला. मग धागे मोजून चौकटीच्या वहीत हत्ती काढला, तर तो मूळ हत्तीपेक्षा ठेंगणा दिसतो. माझे कुठे चुकते आहे?

टाकेवाली
सायलीताई, ते सॉफ्टवेअर प्रत्येक चौकट म्हणजे एक फुली असे गृहीत धरते. कसुतीत मात्र फुली फक्त मेंथीच्या टाक्यात असते. गवंती हा दुहेरी धावदोरा, मुर्गी हा पायऱ्यापायऱ्यांनी जाणारा टाका आणि नेगी हा विणीसारखा दिसणारा लांब-आखूड धावदोरा आहे. गवंती आणि मुर्गीचे उभे-आडवे टाके चौकटीच्या आत बसत नाहीत, ते तिच्या कडांवरून जातात. त्यामुळे फोटोवरून आपोआप आलेख काढण्याचा नाद सोडावा आणि इंकस्केप या रेखाचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये जाळी आखून, रेषा जाळीच्या बिंदूंना चिकटतील अशी सोय चालू करून, भिंगाखाली मोजलेला एकेक टाका स्वतः काढावा.

हत्ती ठेंगणा होण्याचे कारण कापडात आहे. साडीत दोन्ही दिशांचे धागे सारख्या दाटीचे नसतात. समजा, ५ सेंटीमीटरमध्ये एका दिशेने १२० आणि दुसऱ्या दिशेने ९० धागे भरले, तर तितक्याच धाग्यांवरून गेलेल्या दोन टाक्यांच्या लांबीचे प्रमाण ३:४ होते. इंकस्केपमध्ये जाळीचे आडवे आणि उभे अंतर वेगवेगळे देता येते. ते या प्रमाणात ठेवले की हत्ती पुन्हा आपल्या उंचीला येईल.

गणिताचा_विद्यार्थी
आलेखात सुईचा मार्गही नोंदवावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे, कारण गवंतीत गाठ नसते आणि दोन्ही बाजू सारख्या दिसाव्या लागतात. नमुना अखंड जोडलेला असेल आणि सगळे टाके एकसारख्या लांबीचे, फक्त उभे-आडवे असतील, तर असा मार्ग नेहमीच सापडतो: प्रत्येक रेषेवरून एकदा जायचे आणि एकदा उलट दिशेने परत यायचे. बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे जाळीचे बिंदू आलटून पालटून काळे-पांढरे मानले, तर काळ्यावरून निघालेला टाका वर पडतो आणि पांढऱ्यावरून निघालेला खाली. म्हणून जाताना राहिलेली मागची जागा येताना आपोआप भरते. तिरक्या टाक्यांनी त्रिकोण तयार झाला की हा नियम जसाच्या तसा लागू पडत नाही, तिथे मार्ग हाताने तपासावा लागतो.

सायली_क
हे वाचून आजी सुई कशी फिरवत असे, ते प्रथमच उमगले. इंकस्केपसाठी इंक/स्टिच नावाची मोफत जोडणी आहे, असे वाचले. तिच्या साहाय्याने हेच काम मशीनवर होईल का?

टाकेवाली
रेषांवरून दोनदा जाणारा मार्ग ती आखून देते, पण मशीनवर दोन्ही फेऱ्यांचा वरचा धागा वरच पडतो आणि मागे बॉबिनचा दोरा दिसतो. दिसायला ती कसुतीसारखी नक्षी होईल, परंतु मी तिला कसुती म्हणणार नाही. आलेख छापून घ्या, नव्या कापडावर मॅटी, म्हणजे धागे सहज मोजता येतील असे जाळीदार कापड, टाचून त्यावरून हाताने भरा आणि काम झाल्यावर मॅटीचे धागे एकेक करून ओढून काढा.

त्याआधी साडीच्या मागच्या बाजूचेही फोटो अवश्य घ्या. वरचा दोरा झिजला असेल तिथे मागचा टाका किंवा सुईचे भोक अजून दिसू शकते. जिथे काहीच उरलेले नाही, तिथे दुसऱ्या अर्ध्या नमुन्यावरून अंदाजाने काढलेल्या रेषा इंकस्केपच्या वेगळ्या थरात (लेयरमध्ये), वेगळ्या रंगाने ठेवा, म्हणजे आजीचे टाके कोणते आणि आपले कोणते, हे पुढेही ओळखता येईल.