ग्लायकोफोरिन ए चे दोन बँड येतायत, अँटिबॉडी बाद आहे का?

घोस्टवाला
मंडळी, पंधरा दिवस झाले, डोकं आउट झालंय. माणसाच्या रेड सेलचे घोस्ट बनवले, म्हणजे हिमोग्लोबिन धुऊन धुऊन नुसती पांढरट मेम्ब्रेन उरली ती घेतली आणि त्यातल्या ग्लायकोफोरिन ए या प्रोटीनसाठी वेस्टर्न लावला, म्हणजे जेलवर प्रोटीनं वजनानुसार वेगळी करून हे अँटिबॉडीने शोधलं. प्रोटीन १३१ अमिनो ॲसिडचं, म्हणजे हिशोबाने १४-१५ किलोडाल्टनला (प्रोटीनच्या वजनाचं एकक) यायला हवं, आणि माझा खालचा बँड, म्हणजे पट्टा, ३७ च्या मार्करला चिकटून बसलाय, वर ७० च्या आसपास अजून एक आणि तोच जास्त ठसठशीत. कूमासीत, म्हणजे प्रोटीन रंगवणाऱ्या नेहमीच्या डायमध्ये, तर तिथे काहीच दिसत नाही. बीटा-मरकॅप्टो दुप्पट केलं, ताजं डीटीटी घातलं (दोन्ही प्रोटीनमधले डायसल्फाइड बंध तोडतात), वरचा बँड ढिम्म हलत नाही. गाईड म्हणतायत अँटिबॉडी खराब आहे, नवीन मागव. वर फ्लोमध्ये, म्हणजे पेशी एकेक करून मोजणाऱ्या मशीनसाठी, सीडी२३५ए (याच प्रोटीनची अँटिबॉडी) टाकलं की ट्यूबमध्ये सगळ्या पेशींची गुठळी, तेही वेगळंच दुखणं. कुणी सांगेल का काय चुकतंय?

जेलबहाद्दर
थांबा, अँटिबॉडी फेकू नका! वरचा बँड म्हणजे तेच प्रोटीन, जोडीने. ग्लायकोफोरिन ए चा डायमर, म्हणजे ही जोडी, एसडीएसमध्येसुद्धा (जेलमधला साबण, जो प्रोटीनच्या जोड्या सहसा सोडवतो) सुटत नाही, त्यासाठीच ते गाजलेलं आहे. आणि डीटीटीने काय होणार, तोडायला डायसल्फाइड तर हवा ना, या प्रोटीनमध्ये तो बनवणारं अमिनो ॲसिड सिस्टीन एकही नाही. मेम्ब्रेनमधून जाणारा जो एकच हेलिक्स (प्रोटीनचा मळसूत्री भाग) आहे त्यात ७९ आणि ८३ नंबरला ग्लायसीन आहेत, ग्लायसीनला साइड चेन म्हणजे जवळजवळ नाहीच, त्यामुळे तिथे खाच पडते आणि दुसरा हेलिक्स त्यात फिट्ट बसतो. ८३ चा ग्लायसीन बदलून आयसोल्युसीन टाकला की जोडी मोडते. हेलिक्स एकमेकांना मेम्ब्रेनमध्ये कसे ओळखतात याचा अभ्यास करणाऱ्यांचं हे वर्षानुवर्षं आवडतं गिऱ्हाईक, १९९७ मध्ये एंगेलमन यांच्या ग्रुपने एनएमआरने त्याचं स्ट्रक्चरही काढलं, आणि टॉक्सकॅट असेमध्ये (मेम्ब्रेनमधले हेलिक्स जुळतात का ते बघणारी चाचणी) आजही पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून हाच तुकडा लावतात. अमिनो ॲसिडचा पूर्ण क्रम मिळालेलं पहिलं मेम्ब्रेन प्रोटीनही हेच बरं का, टोमिता आणि मार्चेसी, १९७५.

वजनाचं म्हणाल तर निम्म्याहून जास्त वजन साखरेचं आहे, तुम्ही नुसती अमिनो ॲसिडं मोजलीत. कूमासी पण त्या साखरेमुळेच नीट धरत नाही, पीएएस हा साखर रंगवणारा स्टेन करा, गुलाबी पट्टे उठतील. आणि खात्री हवी असेल तर एकच करा, सँपल पायरीपायरीने पातळ करा, तापवा आणि शेजारशेजारच्या लेनमध्ये लावा. डायमर असेल तर पातळ होताना वरचा बँड उतरेल आणि खालचा त्या मानाने वाढेल. खराब अँटिबॉडीचा भलताच बँड असेल तर हे प्रमाण कशाला बदलेल?

फ्लोवाली ताई
गुठळीचं मी सांगते. एका रेड सेलवर याच्या दहा लाखांच्या घरात कॉपी असतात आणि आयजीजी प्रकारच्या अँटिबॉडीला दोन हात, एक हात या पेशीला दुसरा त्या पेशीला, झालं ॲग्लुटिनेशन. अँटिबॉडीचं टायट्रेशन करा, म्हणजे वेगवेगळे डोस लावून बरोबर तो शोधा, कंपनीने लिहिलेला डोस बहुतेक वेळा रेड सेलसाठी फार होतो. पेशी कमी घ्या, अँटिबॉडी आधी बफरमध्ये पातळ करून मग त्यात पेशी सोडा, उलटं नको, आणि मशीनवर लावायच्या आधी हलकं व्हॉर्टेक्स. आणि डबलेट गेट घालायला विसरू नका, मी एकदा विसरले आणि आठवडाभर दोन-दोन पेशींना एक समजून खुश होते.

नवशिका_३
मधेच विचारतो, आम्ही कल्चरमध्ये सीडी२३५ए पॉझिटिव्ह म्हणजे मॅच्युअर आरबीसी असंच धरतो, चालतं ना?

फ्लोवाली ताई
@नवशिका_३ अजिबात नाही रे बाबा. हा मार्कर एरिथ्रॉइड लाइनचा (रेड सेल बनत जाणाऱ्या पेशींच्या घराण्याचा) आहे, वयाचा नाही. न्यूक्लियस शाबूत असलेल्या एरिथ्रोब्लास्टवरही तो असतो. वय बघायचं तर सोबत सीडी७१ लाव, तो पेशी पिकत जाते तसा उतरतो, आणि न्यूक्लियस गेलाय का ते बघायला डीएनए डाय. उंदराच्या पेशी असतील तर ही अँटिबॉडी चालणार नाही, तिथे टेर-११९ वापरतात, आणि तो ग्लायकोफोरिन ए ला नाही तर त्याच्यासोबत असणाऱ्या प्रोटीनला धरतो, हे लिहिताना लोक हमखास घोळ घालतात.

निवांत
तुमचं चालू द्या, पण याचा मला सगळ्यात भारी वाटलेला वापर कुणी काढलाच नाही. एम आणि एन रक्तगट, लँडस्टायनर आणि लेव्हिन यांनी १९२७ ला शोधलेले, ते याच प्रोटीनवर आहेत. फरक फक्त पहिल्या आणि पाचव्या अमिनो ॲसिडचा, एम मध्ये सेरीन आणि ग्लायसीन, एन मध्ये ल्युसीन आणि ग्लुटामिक ॲसिड. आता ज्याला आईकडून एक आणि बापाकडून दुसरा मिळालाय त्याच्या प्रत्येक रेड सेलवर दोन्ही दिसायला हवेत. दोन रंगांच्या अँटिबॉडी लावून लाखो पेशी फ्लोमधून सोडायच्या आणि एक रंग हरवलेल्या मोजायच्या, म्हणजे मज्जेतल्या मूळ पेशींत म्युटेशन किती झालं त्याचा अंदाज येतो. हिरोशिमाच्या बॉम्बमधून वाचलेल्या लोकांवर हे केलं, आणि चाळीस वर्षांनंतरही जास्त रेडिएशन खाल्लेल्यांत अशा पेशी जास्त निघाल्या. रेड सेल स्वतः जगते १२० दिवस, तरी!

मलेरियावाले पण यामागे असतात, फाल्सिपेरम हा मलेरियाचा परजीवी त्याच्या ईबीए-१७५ प्रोटीनने ग्लायकोफोरिन ए वरचं सियालिक ॲसिड (एक साखर) पकडून रेड सेलमध्ये शिरतो. पण परजीवी बेरकी, काही स्ट्रेन दुसऱ्या रिसेप्टरवर सरकतात, म्हणून न्यूरामिनिडेज (सियालिक ॲसिड कापणारं एन्झाइम) कंट्रोल लावल्याशिवाय कुणाचं ऐकू नका. आणि गंमत म्हणजे हे प्रोटीन मुळातच नसलेली माणसंही आहेत, धडधाकट असतात.

घोस्टवाला
अपडेट. चार डायल्युशन लावली, वरचा बँड लेनगणिक फिका होत गेला आणि खालचा त्याच्यापुढे ठळक. पीएएसमध्ये दोन्ही गुलाबी. गुठळ्या कमी झाल्यात, पूर्ण गेल्या नाहीत, अँटिबॉडी अजून निम्मी करून बघतो. गाईडना ब्लॉट दाखवला, दोन मिनिटं बघत बसले आणि म्हणाले ऑर्डर कॅन्सल कर. ती सोमवारीच येऊन पडलीये फ्रिजमध्ये 😐