शाळेच्या गणवेशासाठी ‘जबाबदार’ कापड नेमके कोणते मानावे?

काजबटण, सोलापूर

नमस्कार. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आमचा शालेय गणवेश शिवण्याचा छोटा कारखाना आहे. बावीस शिलाई यंत्रे, दोन कटिंग मास्तर आणि हंगामात घरी काज-बटणाचे काम नेणाऱ्या पंधरा-वीस महिला, एवढाच व्याप आहे. शर्टासाठी ६७:३३ पॉलिकॉटन आणि पँट व स्कर्टसाठी पॉलिएस्टर-व्हिस्कोसचे सुटिंग, हे वडिलांनी घालून दिलेले गणित आम्ही आजवर मोडलेले नाही.

यंदा पुण्यातील एका शिक्षणसंस्थेने सुमारे चार हजार गणवेशांची मागणी नोंदवताना ‘कापड शाश्वत आणि जबाबदार स्रोतातील असावे व त्याचा पुरावा जोडावा’ अशी अट घातली आहे. पुरावा कसला आणि कापड कोणते, याचा खुलासा विचारला असता ‘ते आपणच सुचवावे’ असे उत्तर आले. ही बातमी बाजारात पसरायला वेळ लागला नाही आणि पंधरवड्यात तीन विक्रेते तीन तागे घेऊन दारात उभे राहिले. पहिल्याकडे पाण्याच्या बाटल्यांपासून बनवलेले पॉलिएस्टर आहे, दुसऱ्याकडे सेंद्रिय कापसाचे शर्टिंग आहे, ज्याचा दर आमच्या नेहमीच्या कापडाच्या जवळजवळ दीडपट पडतो, आणि तिसऱ्याकडे ‘नैसर्गिकरीत्या जिवाणूरोधक’ असा बांबूचा कपडा आहे. तिघांच्याही पत्रकावर हिरवे पान छापलेले आहे.

वडिलांचे म्हणणे असे की, जो शर्ट दोन वर्षे फाटत नाही तोच जबाबदार, बाकी सगळी पत्रके रद्दीची. मला ते पूर्ण पटत नाही आणि पूर्ण खोडताही येत नाही. जाणकारांनी या तीन पर्यायांतला खरा फरक सांगावा, आणि आमच्याएवढ्या कारखान्याने कोणते कागद मागावेत तेही सांगावे, ही विनंती.

सूतपेढी

मी सुताच्या व्यापारात पंचवीस वर्षे आहे, त्यामुळे माझे मत विक्रेत्याचे आहे हे गृहीत धरूनच वाचावे.

बांबूचा तागा आधी परत पाठवा. बाजारात ‘बांबू’ म्हणून येणारे जवळजवळ सर्व मऊ कापड हे व्हिस्कोस असते. बांबूचा लगदा कॉस्टिक आणि कार्बन डायसल्फाइडने विरघळवून आम्लाच्या हौदात त्याचे तंतू काढले जातात, आणि या प्रक्रियेत बांबूचे म्हणून जे काही गुण असतील ते शिल्लक राहत नाहीत. आपल्या सुटिंगमध्ये पिढ्यानपिढ्या असलेले व्हिस्कोस आणि हे ‘बांबू’, यांत रसायनशास्त्राच्या दृष्टीने फरक नाही. अमेरिकेत २०२२ मध्ये दोन मोठ्या किरकोळ विक्री कंपन्यांना व्हिस्कोस ‘बांबू’ म्हणून विकल्याबद्दल मिळून ५५ लाख डॉलरचा दंड भरावा लागला. लगद्याचे कापडच हवे असेल तर लायोसेल पाहावे, कारण त्यातील द्रावक ९९ टक्क्यांहून अधिक प्रमाणात परत मिळवून पुन्हा वापरला जातो. मात्र शाळेच्या मैदानावर ते किती टिकेल, याबद्दल मी पैज लावणार नाही.

सेंद्रिय कापसाचे दुखणे वेगळे आहे. कापूस उत्तम, परंतु आपल्या देशात बहुतेक सर्व लागवड बीटी वाणांची असल्यामुळे बिगर-बीटी बियाण्यापासूनच अडचण सुरू होते, आणि शेत ते सूत या प्रवासात साधा कापूस मिसळण्याचा मोह मोठा असतो. शिवाय एक बाब विक्रेता आपल्याला सांगणार नाही. ‘गॉट्स’ या सेंद्रिय कापडाच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रासाठी कापडात किमान ७० टक्के सेंद्रिय तंतू लागतात आणि ‘सेंद्रिय’ असे सरळ लिहायचे तर ९५ टक्के लागतात. म्हणजे आपल्या ६७:३३ पॉलिकॉटनमधील ३३ टक्के कापूस कितीही सेंद्रिय असला, तरी त्या शर्टाला हे लेबल लागणार नाही. ‘ओएको-टेक्स’चे ‘स्टँडर्ड १००’ लेबल दाखवून कोणी ‘सेंद्रिय’ म्हणत असेल, तर तेही खरे मानू नये. ही चाचणी कापडात अपायकारक रसायने मर्यादेत आहेत की नाहीत एवढेच सांगते, कापूस कोणत्या शेतातून आला हे सांगत नाही.

राहिले बाटल्यांचे पॉलिएस्टर. बाटल्यांचे तुकडे करून, धुऊन, वितळवून काढलेले हे सूत मजबुतीला नव्या पॉलिएस्टरच्या जवळपास असते आणि त्यासाठी नवे खनिज तेल लागत नाही, ही जमेची बाजू झाली. परंतु बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते, तर पॉलिकॉटनच्या शर्टाचा पुन्हा शर्ट करणे आज जवळपास अशक्य आहे, त्यामुळे हे चक्र शर्टापाशी येऊन तुटते. धुताना सूक्ष्म तंतू गळण्याचा दोषही तसाच राहतो. तरीही तिघांत आपल्या दराला आणि टिकाऊपणाला झेपणारा पर्याय मला हाच वाटतो.

आता कागदांविषयी. कापडाचा तुकडा तपासून त्यातील पॉलिएस्टर बाटलीचे आहे की नवे, हे प्रयोगशाळेला खात्रीने सांगता येत नाही, म्हणून सगळी भिस्त कागदाच्या साखळीवर असते. ‘जीआरएस’ (ग्लोबल रिसायकल्ड स्टँडर्ड) या पुनर्वापरित मालाच्या प्रमाणपत्रासाठी किमान २० टक्के पुनर्वापरित तंतू लागतो, परंतु मालावर त्याचे चिन्ह छापायचे तर ५० टक्के हवा. विक्रेता सहसा आपल्या कंपनीचे ‘स्कोप सर्टिफिकेट’ फ्रेम करून दाखवतो. त्यावरून तो असा माल बनवू शकतो एवढेच सिद्ध होते. आपल्याला मिळालेल्या ताग्यांसाठी त्या-त्या खेपेचे ‘ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट’ मागावे आणि त्यावरील वजन आपल्या बिलाशी ताडून पाहावे. माझ्या अनुभवात निम्मे विक्रेते या टप्प्यावर फोन उचलेनासे होतात.

रंगहौद

वरील प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, पण त्यात तंतूचीच चर्चा झाली. मी प्रोसेसिंगमधील, म्हणजे कापड रंगवण्याच्या धंद्यातील माणूस आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. ज्या शहरात उजनीचे पाणी नळाला रोज येत नाही, तिथे कापड कशाचे आहे यापेक्षा ते कसे रंगवले, हा प्रश्न मला आधी पडतो.

पॉलिकॉटन रंगवणे म्हणजे एकच कापड दोनदा रंगवणे होय. पॉलिएस्टरसाठी दाबाखाली १३० अंश सेल्सिअसला डिस्पर्स रंग आणि त्यानंतर कापसासाठी रिॲक्टिव्ह रंग द्यावा लागतो. गडद निळ्या छटेसाठी रिॲक्टिव्हच्या हौदात लिटरमागे साठ ते ऐंशी ग्रॅम मीठ पडते. रंगाचा काही भाग कापसाला न लागता धुण्यात वाहून जातो आणि मीठ तर सगळेच पाण्यात राहते. जैविक शुद्धीकरणाने सांडपाण्याचा वास आणि सेंद्रिय भार कमी होतो, परंतु मीठ जात नाही. त्यासाठी आरओ आणि त्यापुढे बाष्पीभवनाची यंत्रणा लागते, जिचा वीज आणि वाफेचा खर्च लहान प्रोसेस हाउसला पेलत नाही. सेंद्रिय कापूस घेऊन तो अशा ठिकाणी रंगवला, तर शेतात वाचवलेले आपण नाल्यात घालवले, असे मी म्हणेन.

गणवेशाच्या बाबतीत यावर एक चांगला उपाय आहे. पँट आणि स्कर्टसाठी ‘डोप डाइड’ पॉलिएस्टरचे सुटिंग मागावे. त्यात सूत काढण्याआधीच वितळलेल्या पॉलिएस्टरमध्ये रंगद्रव्य मिसळलेले असते, म्हणून त्या तंतूला पुढे रंगाच्या हौदात जावेच लागत नाही, आणि हा रंग उन्हात व धुण्यात सहज उतरत नाही. व्हिस्कोसही याच पद्धतीने रंगीत मिळतो. अडचण एवढीच की आपल्या आवडीची छटा हवी असेल तर टनांत मागणी द्यावी लागते. नेव्ही ब्लू, काळा आणि राखाडी हे चालते रंग मात्र राजस्थानातील भिलवाड्याच्या सुटिंगवाल्यांकडे चौकशी केल्यास मिळण्यासारखे आहेत. संस्थेचा निळा यांपैकी एखाद्याशी जुळत असेल, तर बाटल्यांच्या पॉलिएस्टरपेक्षाही मी याला वरचे स्थान देईन.

तिसरीची_आई

मी या धंद्यातली नाही, दोन मुलांची आई आहे. आमच्या मुलांच्या शाळेने चार वर्षांत दोनदा गणवेशाची चौकडी बदलली आणि धाकट्यासाठी जपून ठेवलेले थोरल्याचे तीन जोड एका दिवसात निरुपयोगी झाले. ते कापड सेंद्रिय असते तरी काय फरक पडला असता? आपण त्या संस्थेकडून किमान पाच वर्षे नमुना न बदलण्याचे लेखी घ्यावे. आणि कृपा करून पँटच्या पायाला व स्कर्टच्या घेराला पूर्वीसारखे चार बोटे कापड आत दुमडून ठेवावे. हल्ली एक बोटही नसते, मग गुडघे उघडे पडले की चांगला स्कर्ट टाकून द्यावा लागतो.

काजबटण, सोलापूर

तिघांचेही मनापासून आभार. बांबूवाल्यांना नमुना परत केला. बाटल्यांच्या कापडवाल्यांकडे खेपेचे प्रमाणपत्र मागितले, तेव्हा ‘आमच्या पुरवठादाराकडे आहे, आठवड्यात देतो’ असे उत्तर मिळाले. सूतपेढी यांचे भाकीत खरे ठरते की काय, ते पाहू. चार बोटे दुमडीचे गणित कटिंग मास्तरांकडून करून घेतले. त्याने कापड थोडे वाढते, पण ताईंचा मुद्दा वडिलांना इतका आवडला की तो खर्च आता वादाचा विषय राहिलेला नाही.

एक उपप्रश्न आहे. आमच्याकडे हंगामात कात्रणाची पोती साचतात आणि ती आम्ही भंगारवाल्याला किलोवर देतो. याच कात्रणाचे सूत काढून आपल्या शहरातील मागांवर चादरी विणता येतील का? ‘गणवेशाच्या कात्रणातून सोलापुरी चादर’ ही कल्पना संस्थेला आवडेल असे वाटते.

आडवा_धागा

पूर्व भागात आमचे आठ यंत्रमाग आहेत, टॉवेल आणि चादर दोन्ही विणतो, म्हणून या उपप्रश्नाला उत्तर देणे भाग आहे.

कात्रण पिंजून सूत निघते, यात शंका नाही. पानिपतला हाच मोठा धंदा आहे. पिंजताना तंतू तुटून आखूड होतो, त्यामुळे बारीक नंबरचे सूत निघत नाही, पण ओपन-एंड सूतकताई यंत्रावर जाड नंबर निघतो आणि जाड नंबरच तर आमच्या टॉवेल-चादरीला लागतो. कात्रण रंगवार वेगळे केले असेल तर सूत रंगीतच निघते आणि पुन्हा रंगवावे लागत नाही, हा रंगहौद यांना आवडणारा फायदा आहे.

परंतु आपले कात्रण पॉलिकॉटनचे आणि पॉलिएस्टर-व्हिस्कोसचे आहे. त्याची सतरंजी होईल, पांघरूण होईल, पण त्याला सोलापुरी चादर म्हणू नये. या नावाला भौगोलिक मानांकन आहे आणि त्याची ओळख सुती सुतावर उभी आहे. आधीच बाहेर विणलेला मिश्र माल आमच्या नावावर विकला जातो, त्यात आपल्याच शहरातून भर पडली तर आम्ही तक्रार कोणाकडे करायची? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२४ मध्ये ग्रीनवॉशिंगविरुद्ध, म्हणजे पर्यावरणपूरकतेच्या दिशाभूल करणाऱ्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत, त्यांनुसार पर्यावरणपूरकतेचा दावा पुराव्याशिवाय करता येत नाही. संस्थेला ‘शाश्वत’, ‘हरित’ असे शब्द लिहून देण्यापेक्षा ‘पँटच्या कापडात अमुक टक्के पुनर्वापरित पॉलिएस्टर, रंग तंतूतच मिसळलेला’ असे मोजता येणारे वाक्य द्यावे.

आजपासून करता येण्यासारखे एक काम सांगतो. कटिंगच्या टेबलाखाली एका पोत्याऐवजी तीन पोती लावा, शर्टाचे कात्रण, सुटिंगचे कात्रण आणि अस्तर-फ्यूजिंगचे तुकडे वेगळे ठेवा. मिसळलेल्या कात्रणाला कोणी भाव देत नाही, निवडलेल्याला देतो. आमच्या शेजारच्या कारखान्याने गेल्या हंगामात हे केले, तेव्हा त्यांना भंगारवाला बदलावा लागला, कारण जुन्याला निवडलेला माल घेण्यात रस नव्हता.

काजबटण, सोलापूर

चादरीचे नाव मागे घेतो, आपले म्हणणे रास्त आहे. तीन पोती कालपासून लागली आहेत. डोप डाइड नेव्ही ब्लूचे दोन नमुने भिलवाड्याहून मागवले असून, त्यातील एक संस्थेच्या छटेपेक्षा किंचित काळसर आहे. दोन्हींचा एकेक स्कर्ट शिवून घरच्या यंत्रात तीस वेळा धुऊन, दर वेळी गच्चीवरच्या उन्हात वाळवून पाहणार आहे. संस्थेची बैठक पुढील महिन्यात आहे, तोवर आमच्याकडे नळाला पाणी जितक्यांदा येईल तितक्याच धुलाया होतील, हे मात्र मान्य करून घ्यावे.